बंगळूरची कुस्ती : तालमीतली आणि पडद्यावरची

उद्यानांचे शहर, संगणकांचे शहर अशी बंगळूरची ख्याती. पण शहराच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या क्रीडांगणाला नाव आहे ते एका पैलवान राजाचे. त्या नावाचा माग काढत गेले की लाल मातीच्या तालमींपासून दूरदर्शन संचावरच्या झगमगत्या रिंगणापर्यंतची एक रंजक सफर घडते.

बंगळूरला जाणारा मराठी प्रवासी सहसा लालबाग पाहतो, विधान सौधासमोर फोटो काढून घेतो, चिकपेटेत रेशमी साड्यांच्या घड्या उलगडायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी म्हैसूरची गाडी पकडतो. नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा लेकीकडे जाणाऱ्यांना तर काचेच्या उंच इमारती आणि वाहतुकीची कोंडी याखेरीज फारसे काही दिसत नाही. या शहराचा कुस्तीशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. कुस्ती म्हटली की मराठी माणसाला आठवते ते कोल्हापूर, शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान, सांगली, सातारा आणि फार तर बेळगाव.

पण कब्बन पार्कच्या शेजारीच असलेले श्री कंठीरव स्टेडियम पाहावे. ५ जुलै २०२५ रोजी याच मैदानावर नीरज चोप्राच्या नावाची आंतरराष्ट्रीय भालाफेक स्पर्धा झाली आणि ८६.१८ मीटर भाला फेकून ती त्यानेच जिंकली. बंगळूरच्या फुटबॉल संघाचे सामने इथे होतात. शेजारच्या बंदिस्त स्टेडियममध्ये कबड्डीचे सामने रंगले आहेत. धावपटू, फुटबॉलपटू, भालाफेकपटू सगळे इथे येतात आणि जातात. पण ज्याचे नाव या मैदानाला दिले आहे तो होता मल्ल!

पैलवान राजा

रणधीर कंठीरव नरसराज वोडेयार हा म्हैसूरचा राजा. त्याची कारकीर्द १६३८ ते १६५९ अशी एकवीस वर्षांची. शरीर पोलादासारखे आणि कुस्तीचा नाद जबर. गादीवर येण्यापूर्वीची त्याची एक कथा म्हैसूरकडे आजही आवडीने सांगतात. तिरुचिरापल्लीच्या दरबारात एक अजिंक्य मल्ल होता. त्याने आपला लंगोट गावाच्या वेशीवर टांगला होता. त्याखालून जो जाईल त्याने हार मान्य केली, असा त्याचा अर्थ. नरसराज वेश पालटून तिथे गेला. त्या लंगोटाखालून जायला त्याने नकार दिला, मल्लाला आव्हान दिले आणि भर दरबारात त्याला लोळवले. राजा बक्षीस द्यायला निघाला, तोवर हा पाहुणा आपली ओळख न देताच गावाबाहेर पडला होता. दंतकथेत पदरचे मीठमसाले असणारच. पण सांगणाऱ्याला आपल्या राजाचे कौतुक वाटते ते राजमुकुटाचे नव्हे, मनगटाचे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९६० मध्ये कन्नड चित्रपटसृष्टीचे लाडके नट राजकुमार यांनी ‘रणधीर कंठीरव’ या चित्रपटात हीच भूमिका केली आणि जुना राजा नव्या पिढीच्या घराघरांत पोहोचला.

मराठी वाचकाला या राजाची आणखी एक बाजू जवळची वाटेल. ज्या १६३८ साली कंठीरव गादीवर आला, त्याच वर्षी विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. विजापूरच्या फौजेने पाठोपाठ श्रीरंगपट्टणला वेढा घातला; तो कंठीरवाने उधळून लावला. म्हणजे हा राजा जिवंत होता तोवर बंगळूर त्याचे नव्हतेच. ते होते शहाजीराजांचे! म्हैसूरकरांकडे हे शहर आले ते शतक संपता संपता, चिक्कदेवराज वोडेयारांच्या काळात. ज्या शहरावर त्याने कधी राज्य केले नाही, त्याच शहराच्या मोठ्या क्रीडांगणावर आज त्याचे नाव झळकते आहे. राज्ये येतात आणि जातात, पैलवानाची कीर्ती मात्र टिकते.

तळे आटले, विधी उरला

कंठीरव स्टेडियमखाली एक तळे गाडलेले आहे. संपंगी नावाचे हे विस्तीर्ण तळे एके काळी बंगळूरची तहान भागवत असे. त्याच्या काठाने तिगळ समाजाच्या माळ्यांचे मळे होते. शहर वाढले, तळ्याची गरज संपली आणि विसाव्या शतकात ते आटवून त्याच्या तळाशी मैदान तयार झाले. आज स्टेडियमच्या लगत पाण्याचा एक लहानसा चौकोन तेवढा शिल्लक आहे. नव्या माणसाला तो कारंज्याचा हौद वाटेल. पण दर चैत्रात करग उत्सवाच्या विधीसाठी याच पाण्याकाठी माणसे जमतात.

करग हा बंगळूरच्या जुन्या पेठांचा सर्वांत मोठा उत्सव. तिगळरपेटेतल्या धर्मराय मंदिरातून चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्री फुलांनी मढवलेला करग निघतो. द्रौपदीचे रूप घेतलेला, स्त्रीवेषातला पुजारी तो डोक्यावर घेतो. हाताचा आधार न देता तो रात्रभर पेठांतून फिरतो. वाटेत कॉटनपेटेतल्या तवक्कल मस्तान दर्ग्यात थांबण्याची जुनी रीत आजही पाळली जाते. या करगाभोवती नंग्या तलवारी घेतलेले, उघड्या अंगाचे शेकडो तरुण असतात. त्यांना म्हणतात वीरकुमार. द्रौपदीने असुराशी लढण्यासाठी निर्माण केलेले हे सैनिक, अशी श्रद्धा आहे. करगाचा तोल गेला तर याच वीरकुमारांनी तलवार चालवावी, असा संकेत सांगतात. तशी वेळ येऊ नये म्हणून करग वाहणारा आणि त्याचे रक्षक दोघेही शरीर कमावतात. आणि हे कमावण्याचे ठिकाण म्हणजे गरडी!

गरडी म्हणजे आपली तालीम. नगरतपेट, कब्बनपेट या जुन्या बंगळूरच्या भागात, सोन्याचांदीच्या आणि कापडाच्या दुकानांच्या गर्दीत या गरड्या दडलेल्या आहेत. दार इतके ठेंगणे की आत जाताना मान वाकवावी लागते. आत कमीअधिक उजेड, मधोमध लाल मातीचा हौदा, भिंतीशी मुद्गल आणि गदा आणि कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती. हे सारे मराठी माणसाला ओळखीचे वाटेल. इथला शिकवणारा ‘उस्ताद’ म्हणजे आपला वस्ताद. डावाला इथे ‘पट्टु’ म्हणतात आणि कुस्ती ठरवण्याला ‘जोडी बांधणे’. भाषा बदलली, तरी मातीचा वास तोच.

महाराष्ट्रात तालमी टिकल्या त्या गावोगावच्या जत्रांमुळे. जत्रेला मैदान, मैदानाला इनाम आणि इनामाच्या आशेने पैलवान. बंगळूरमध्ये जत्रा उरल्या नाहीत. पेठांतल्या जागेचे भाव तर विचारायलाच नकोत. मातीच्या एका हौद्याच्या जागेत दोन दुकाने सहज बसतात. तरुणांचा ओढा आरशांच्या आणि लोखंडी वजनांच्या व्यायामशाळांकडे आहे. तरीही काही गरड्या तग धरून आहेत. याचे मोठे श्रेय करगाला द्यावे लागेल. वर्षातून एकदा वीरकुमार लागतात, म्हणून वर्षभर मातीत पाय पडतात. इथे कुस्तीला कुस्तीने नव्हे, देवीने जगवले आहे.

रक्ताचा एक थेंब

बंगळूरहून सुमारे १४५ किलोमीटरवर असलेल्या म्हैसूरमध्ये हेच काम राजघराण्याने केले. दसऱ्यात दोड्डकेरे मैदानाच्या परिसरातल्या देवराज अरस आखाड्यात कर्नाटकातले मल्ल जमतात. बेळगाव, धारवाड, बागलकोट, दावणगेरे अशा ठिकाणांहून आलेल्या जोड्या लागतात. ‘दसरा केसरी’, ‘दसरा कंठीरव’ असे किताब दिले जातात. पैलवान राजा तिथेही भेटतोच! अलीकडे मुलींच्या कुस्त्याही रंगतात आणि त्यांना पाहायला बायाबापड्यांची गर्दी होते.

पण विजयादशमीच्या सकाळी राजवाड्याच्या आतल्या चौकात जी झुंज होते, तिची जात निराळी. तिचे नाव वज्रमुष्टी काळग. ती खेळतात जेट्टी समाजाचे मल्ल. म्हैसूर, चामराजनगर, चन्नपट्टण आणि बंगळूर इथून चार जेट्टी निवडले जातात. डोके तासलेले, अंगाला लाल माती, उजव्या मुठीत बोटांवर बसणारे टोकदार वज्र. इशारा होतो, दोघे एकमेकांवर झेपावतात आणि कोणा एकाच्या डोक्यावर रक्ताचा थेंब दिसताच झुंज थांबते. पुष्कळदा हे सारे काही क्षणांतच आटोपते. पापणी लवली तर संपले! रक्त दिसले की राजाची विजययात्रा पुढे निघायला मोकळी.

या झुंजीत कोण हरले आणि कोण जिंकले, याची कोणी फारशी चर्चा करत नाही. जखम खरी, धोका खरा, सराव तर काही आठवड्यांचा. पण निकाल महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा आहे तो विधी. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचा, वरवर अगदी वेगळा वाटणारा प्रकार समजायला सोपा जातो.

दारासिंगचा जमाना

ज्यांची साठी उलटली आहे, त्यांना ‘फ्री स्टाइल कुस्ती’ हा शब्द आठवत असेल. तिकीट काढून पाहायच्या या कुस्तीचा देशातला सर्वांत मोठा तारा म्हणजे दारासिंग. १९५० आणि १९६० च्या दशकांत मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्यांच्या कुस्त्यांना तोबा गर्दी लोटे. समोर असे अजस्र देहाचा किंग काँग. हंगेरीत जन्मलेल्या या मल्लाचे खरे नाव एमिल चाया. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवले, तो दिवस तर अनेक घरांत सणासारखा साजरा झाला. १९८३ मध्ये ते आखाड्यातून निवृत्त झाले. चारच वर्षांनी रामानंद सागरांच्या ‘रामायण’ मालिकेत ते हनुमान झाले आणि तालमीतल्या कोनाड्यातला देव जणू घरोघरच्या संचात येऊन बसला.

या कुस्त्या खऱ्या की ठरवलेल्या, हा वाद तेव्हाही रंगत असे. उत्तर अमेरिकेतून आले. १९८९ मध्ये तिथल्या जागतिक कुस्ती महासंघाने, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफने, न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच सांगून टाकले की आमची कुस्ती ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. कारणही व्यवहारी होते. खेळांवर असलेले सरकारी नियम आणि शुल्क त्यामुळे टळत होते! त्यानंतर प्रेक्षक पळून गेले का? मुळीच नाही. १९९० च्या दशकात केबल टीव्ही आला आणि ही कुस्ती भारतातल्या दिवाणखान्यांत शिरली. मुले पैलवानांची चित्रे असलेल्या पत्त्यांवर छाती, वजन आणि उंचीच्या पैजा लावू लागली. अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झाला आहे, ही अफवा बंगळूरपासून बारामतीपर्यंतच्या शाळांत सारख्याच गांभीर्याने सांगितली जाई. किती आयांनी पलंगावरून उड्या मारणाऱ्या पोरांना धपाटे घातले असतील, त्याची गणतीच नाही.

निकाल ठरलेला असतो म्हणजे सारेच खोटे असते, असे मात्र नाही. उंचावरून पाठीवर पडणे खरे असते. मोडलेली हाडे खरी असतात. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून रिंगणात उतरताना कोसळून मरण पावला, ते तर सर्वांत खरे. दशावतारात राक्षस मरणार हे कोकणातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते; तरी पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. पडद्यावरच्या कुस्तीचे तेच आहे. म्हैसूरच्या वज्रमुष्टीसारखी तीही निकालासाठी नव्हे, सोहळ्यासाठी पाहायची.

सीना का हरला?

म्हणूनच १३ डिसेंबर २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये जॉन सीना आपली शेवटची लढत हरला, तेव्हा जगभरातले चाहते हळहळले. कधी हार मानायची नाही, हे या माणसाचे ब्रीद. त्याने सतरा वेळा जागतिक किताब मिळवला, शेवटचा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. आणि अखेरच्या दिवशी ऑस्ट्रियाच्या गुंथरने गळ्याला घातलेल्या पकडीत त्याने चक्क थाप मारून हार कबूल केली. तीही ओठांवर हसू ठेवून! प्रेक्षागृहात हुर्यो उडाली. भारतात तेव्हा रविवारची सकाळ होती. निकाल ठरवणाऱ्यांनी चाहत्यांच्या भावनांशी खेळ केला, असे अनेकांचे म्हणणे.

पण तालमीच्या नजरेने पाहिले तर हा निकाल वेगळा दिसतो. जाणाऱ्याने येणाऱ्याला आपले बळ देऊन जावे, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. आपल्याकडे वस्तादाची पाठ शिष्याने मातीला लावली, तर वस्तादाला कमीपणा येत नाही; उलट त्याची छाती फुगते. दारासिंग अजिंक्य म्हणून गेले, सीना हरून गेला. पहिल्याची दंतकथा झाली. दुसऱ्याने मागे उरलेल्याला मोठे केले. दोन्ही निरोप आपापल्या जागी शोभून दिसतात.

भारतीय चाहत्याची खरी तक्रार वेगळीच आहे. इथला प्रेक्षक हवा, इथला पैसा हवा. पण इथला मल्ल मोठा करायची घाई मात्र कोणाला नाही. हिमाचलच्या दलीपसिंग राणाने, म्हणजे ग्रेट खलीने, जुलै २००७ मध्ये जागतिक किताब मिळवला. त्यानंतर मे २०१७ मध्ये पंजाबी वंशाचा, पण कॅनडात जन्मलेला जिंदर महल विजेता झाला. डिसेंबर २०१७ मध्ये तो दिल्लीत आला तो किताब गमावून, आणि दिल्लीकरांसमोर ट्रिपल एचकडून हरला. पुढचा मोठा कार्यक्रम थेट ८ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबादेत झाला. त्यात सीनाही आला होता. महाराष्ट्रानेही एक प्रयोग पाहिला. ‘रिंग का किंग’ नावाची या धर्तीची मालिका पुण्यात बालेवाडीला चित्रित होऊन २०१२ मध्ये दाखवली गेली. सव्वीस भागांनंतर ती जी थांबली, ती थांबलीच. १ एप्रिल २०२५ पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती नेटफ्लिक्सवर दिसू लागली. म्हणजे केबलच्या भाड्यात सहज मिळणारी ही करमणूक आता वेगळे पैसे मोजून पाहायची झाली.

एका हंगामाचे योद्धे

ठरवून केलेली कुस्ती सोडा, खऱ्या कुस्तीला दूरदर्शनवर आणण्याचा प्रयत्न झाला तेव्हा बंगळूरचे नावही त्यात होते. डिसेंबर २०१५ मध्ये प्रो रेसलिंग लीग सुरू झाली. सहा संघांत एक होता ‘बंगळूर योद्धाज’ आणि त्याचा आघाडीचा मल्ल होता नरसिंग यादव, २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झालेला! शहाजीराजांच्या जहागिरीच्या गावाने महाराष्ट्र केसरीला आपला म्हणून उभे करावे, हा योग मोठा गमतीचा. पहिले विजेतेपद मुंबईच्या संघाने नेले. पण २०१७ च्या दुसऱ्या हंगामात बंगळूरचा संघच नव्हता. काही वर्षांच्या खंडानंतर जानेवारी २०२६ मध्ये ही लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हाही बंगळूरचे नाव यादीत दिसले नाही.

याच शहरात कबड्डीचा संघ मात्र वर्षानुवर्षे टिकून आहे. मातीतलाच खेळ, मातीतलीच पोरे. मग कुस्तीचेच घोडे कुठे अडले? एक कारण उघड आहे. आधुनिक कुस्ती मॅटवर खेळली जाते. १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांनाही मॅटची सवय करून घ्यावी लागली होती. पेठेतल्या गरडीतला मुलगा लाल मातीवर घडतो, पण पदक, नोकरी आणि पैसा सारे मॅटवर. कर्नाटकात त्यासाठी क्रीडा वसतिगृहे आहेत. बागलकोट जिल्ह्यातला अर्जुन हलकुर्की २०२० च्या आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात ब्राँझपदक मिळवून गेला. असे यश पदरी पडते, परंतु त्याचे धागे बंगळूरच्या गरड्यांपर्यंत क्वचितच पोहोचतात.

इतिहासाकडे पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. नुसत्या ताकदीच्या बळावर कुस्ती कधीच जगलेली नाही. तिला पोशिंदा लागतो. कोल्हापुरात तो शाहू महाराजांच्या रूपाने मिळाला, म्हैसुरात वोडेयारांच्या. बंगळूरच्या पेठांत करगाने पोशिंद्याचे काम केले. अमेरिकेत ते काम गोष्टीने केले. दर आठवड्याला पुढे सरकणाऱ्या, रुसव्याफुगव्यांच्या आणि सूडाच्या गोष्टीने. बंगळूरच्या संघाला यातले काहीच मिळाले नाही. त्याच्यामागे देव नव्हता, राजा नव्हता आणि एका हंगामात गोष्टही तयार झाली नाही. पोशिंदा गेला की पैलवान घरी बसतो, हे आपल्याकडच्या ओस पडलेल्या तालमी पाहूनही कळते.

जायचे असेल तर

बंगळूरला जायचे तर चैत्री पौर्णिमेचा सुमार साधावा. मुंबईहून उद्यान एक्स्प्रेस आहे आणि तिथे पोहोचल्यावर मेट्रो सोयीची पडते. कब्बन पार्क स्थानकावर उतरले की कंठीरव स्टेडियम जवळ. चिकपेट स्थानकावर उतरले की जुन्या पेठा सुरू. स्टेडियमलगतचे संपंगीचे उरलेले पाणी जरूर पाहावे. करगाच्या रात्री मुलांचे हात घट्ट धरावेत, गर्दी अफाट असते. गरडीत जायचे असेल तर आधी विचारावे, चप्पल बाहेर काढावी आणि मातीवर पाय ठेवण्यापूर्वी तिला हात लावून कपाळाला लावावा. परक्या गावचा माणूस ही रीत जाणतो, हे पाहिले की तिथल्या उस्तादाचा चेहरा खुलतो. दसऱ्याच्या सुट्टीत गेलात तर म्हैसूरच्या आखाड्यात जायला विसरू नये.

बरोबरची मुले डब्ल्यूडब्ल्यूईची चाहती असतील तर फारच उत्तम. रोमन रेन्सच्या नकला करणाऱ्या नातवाला एकदा लाल मातीच्या हौद्याकाठी उभे करावे. समोर सोळा-सतरा वर्षांचा कोणी मुलगा घामाने निथळत जोर काढत असेल. तिथे संगीत नसते, रंगीत दिवे नसतात, टाळ्या वाजवायला कोणी नसते. त्या मुलासाठी मैदान कोण भरवणार, हा प्रश्न नातवाने आजोबांना विचारला तर सफर सार्थकी लागली म्हणायची.